तीन आण्यांचा प्रश्न अजून संपलेला नाही

(मुंबई उपनगरांतील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी ठरलेला विषय वरवर पाहता अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा वाटेल. मंदीनंतर विकासदर वर गेला, म्हणजे अर्थव्यवस्था खरोखर सावरली काय, हा तो विषय. परंतु अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत वस्त्यावस्त्यांतून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न कोपरासभेत भेटतो. आपण रेशनबद्दल, भाड्याबद्दल, कंत्राटी कामाबद्दल बोलू लागलो की कुणीतरी उठून विचारतो, "अहो, देश आठ टक्क्यांनी पुढे चालला आहे, तुमचे रडगाणे अजून तेच का?" यावर आपल्यातील काही साथी उत्तर देतात की सरकारचे सगळे आकडे खोटे आहेत. काही साथी गप्प बसतात. ही दोन्ही उत्तरे आपल्या चळवळीला शोभणारी नाहीत. आकड्यांना शिव्या देऊन आकड्यांचा पराभव होत नाही. आकडा काय सांगतो, काय झाकतो आणि कुणाच्या वतीने बोलतो, हे समजावून घेतले तरच त्याला उत्तर देता येते.

आपल्या चळवळीला ही परंपरा नवी नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत नेहरू सरकारवरील अविश्वासाच्या ठरावावर चर्चा चालू असताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी प्रतिपादन केले की, या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधानांनी तो आकडा अमान्य केला व पंधरा आण्यांचा हिशेब पुढे ठेवला. सरकारची पंधरा आणे ही सरासरी होती. गिरणीमालक आणि त्याच्या दारातला झाडूवाला या दोघांचे उत्पन्न एकत्र करून ते दोघांत वाटले की जो आकडा येतो, तो दोघांपैकी कुणाचाच नसतो. डॉ. लोहियांनी तळच्या साठ टक्के माणसांचा वेगळा हिशेब मागितला, आणि वाद पुढे गेला तेव्हा सरकारपक्षालाच पंधरा आण्यांवरून साडेसात आण्यांवर उतरावे लागले. सरकारी कागद हाती घेऊन सरकारी दाव्याची झडती घेण्याचा तो धडा आपण आज पुन्हा गिरवायचा आहे.

चढ आणि खड्डा

पहिला मुद्दा साध्या अंकगणिताचा आहे. खड्ड्यात पडलेला माणूस वर चढू लागला की त्याचा चढण्याचा वेग मोठा दिसतो. पण तो जमिनीवर आला की नाही, हे वेगावरून कळत नाही.

१९७९-८० साली दुष्काळ आणि खनिज तेलाची भाववाढ यांच्या तडाख्याने देशाचे राष्ट्रीय उत्पन्न ५.२ टक्क्यांनी घटले. पुढल्या वर्षी ते ७.२ टक्क्यांनी वाढले, आणि सव्वासात टक्क्यांच्या या झेपेचे मोठे कौतुक झाले. हिशेब करून पाहा. शंभराचे ९४.८ झाले आणि त्यावर ७.२ टक्के वाढ होऊन १०१.६ झाले. म्हणजे दोन वर्षांत मिळून दीड टक्क्याच्या आसपास वाढ. त्याच दोन वर्षांत लोकसंख्या सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढली होती. याचा अर्थ, मोठ्या वाढीच्या त्या वर्षाअखेरीसही माणसामागचे उत्पन्न दोन वर्षांपूर्वीपेक्षा कमीच होते.

हेच चाळीस वर्षांनंतर फार मोठ्या प्रमाणावर घडले. एप्रिल ते जून २०२० या टाळेबंदीच्या तिमाहीत देशाचे उत्पादन २४.४ टक्क्यांनी घसरले. त्यापुढच्या तिमाहीतही घट झाली आणि देश अधिकृतपणे मंदीत सापडला. मग ३१ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले की एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत वाढ २०.१ टक्के आहे. ठळक मथळे झळकले. परंतु त्याच सरकारी पत्रकात पुढील आकडे होते: २०१९ च्या तिमाहीत ३५.६६ लाख कोटी रुपये, २०२० मध्ये २६.९५ लाख कोटी, २०२१ मध्ये ३२.३८ लाख कोटी. वीस टक्के 'वाढून'ही देश दोन वर्षांपूर्वीपेक्षा नऊ टक्के खाली होता.

त्या तिमाहीत आपल्या उपनगरांत काय चालले होते, हे आठवा. एप्रिलच्या उत्तरार्धापासून सर्वसामान्य प्रवाशाला लोकलमध्ये पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. ती मिळाली १५ ऑगस्टला, आणि तीही लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना. बोरिवलीहून चर्चगेटकडे आणि मुलुंडहून मशीदबंदरकडे रोजीसाठी जाणारा हमाल, दुकानातला नोकर, घरकाम करणारी बाई यांची जीवनवाहिनी बंद होती. ज्या तिमाहीचा वेग विक्रमी म्हणून गाजला, त्या तिमाहीत या माणसांना कामावर पोहोचणेच अशक्य होते.

आता पाच वर्षांचा हिशेब पाहू. २०११-१२ पायाभूत मालिकेच्या सुधारलेल्या सरकारी आकड्यांनुसार २०२०-२१ मध्ये ५.८ टक्के घट, नंतर अनुक्रमे ९.७, ७.६, ९.२ आणि २०२४-२५ मध्ये ६.५ टक्के वाढ. २०१९-२० चे उत्पन्न शंभर धरले तर २०२४-२५ मध्ये ते १२९ च्या आसपास पोहोचते. म्हणजे पाच वर्षांचा सरासरी वेग सव्वापाच टक्क्यांच्या जवळपास. ही वाढ नगण्य नाही, हे प्रांजळपणे मान्य करू. पण तो आठ-नऊ टक्क्यांचा चमत्कारही नव्हे. शिवाय २०१९-२० या वर्षी, म्हणजे साथ येण्यापूर्वीच, वेग ३.९ टक्क्यांवर आला होता. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा घाईघाईचा वस्तू व सेवा कर यांनी लहान उद्योगांचे कंबरडे आधीच मोडले होते. आजारी माणसाच्या अंगावर भिंत कोसळावी, तसा टाळेबंदीचा घाव बसला.

आकडा तयार कसा होतो

दुसरा मुद्दा मोजमापाचा. हा भाग थोडा रुक्ष आहे, पण कार्यकर्त्याने तो समजून घेतला पाहिजे.

वाढीचा दर काढताना आधी चालू किमतींनुसार उत्पन्न काढतात आणि मग त्यातून भाववाढ वजा करतात. भाववाढ जितकी कमी धरावी, तितकी 'खरी' वाढ जास्त दिसते. २०२५-२६ च्या दुसऱ्या तिमाहीचे आकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा चालू किमतींनुसार वाढ ८.७ टक्के आणि खरी वाढ ८.२ टक्के सांगण्यात आली. म्हणजे वर्षभरात सर्व किमती मिळून अर्धा टक्का वाढल्या, असे हे गणित मानते. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या मंडईत पिशवी घेऊन जाणाऱ्या, मुलांची फी भरणाऱ्या, अकरा महिन्यांनी घराचा करार नव्याने करणाऱ्या गृहिणीला हे सांगून पाहा! यात कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. घाऊक किमतींवर मोठा भर देणाऱ्या जुन्या पद्धतीचा हा परिणाम होता. त्याच नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही आपल्या राष्ट्रीय लेख्यांच्या पद्धतीतील उणिवांवर बोट ठेवले. २०११-१२ हे पायाभूत वर्ष जुने झाले आहे हे सरकारलाही मान्य करावे लागले आणि २०२२-२३ पायाभूत धरून नवी मालिका तयार करण्याचे काम हाती घ्यावे लागले.

पद्धत बदलली की आकडा किती बदलतो? जानेवारी २०१५ मध्ये मागची मालिका आली तेव्हा २०१३-१४ या एकाच वर्षाचा दर ४.७ वरून ६.९ टक्के झाला. देशात एक पोते धान्य जास्त पिकले नव्हते, एक कारखाना नव्याने उघडला नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट असंघटित क्षेत्राची. मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद दर तिमाहीला हाती येतात. साकीनाक्याच्या गाळ्यातला लेथ, मालवणीतले शिवणकाम, पापड लाटणाऱ्या बायका यांचे ताळेबंद कुठेच नसतात. २०११-१२ च्या मालिकेत त्यांचे उत्पन्न बऱ्याच अंशी संघटित क्षेत्राचा मागोवा घेऊन अंदाजाने ठरवले जाई. मोठा उद्योग वाढला म्हणजे लहानही वाढला असणार, हे गृहीतक. परंतु नोटाबंदीनंतर नेमके उलट घडले. मोठ्याने लहानाची बाजारपेठ गिळली. सरकारच्याच पाहणीनुसार शेतीबाहेरील अशा लहान उद्योगांत २०१५-१६ मध्ये ११ कोटी १३ लाख माणसे काम करीत होती, ती २०२२-२३ मध्ये १० कोटी ९६ लाखांवर आली. २०२३-२४ मध्ये ही संख्या १२ कोटींवर गेली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु मधली सात वर्षे कोरडी गेली. त्या सात वर्षांत कामाच्या वयाला आलेली मुले कुठे गेली, याचा जाब विकासदर देत नाही.

एक नोकरी गेली, तीन रोजगार निर्माण झाले

सरकार म्हणते, बेरोजगारी घटली. खरे आहे. श्रमशक्ती पाहणीनुसार बेरोजगारीचा दर २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. आता त्याच पाहणीची पुढची पाने उलटा. नियमित पगारावर काम करणाऱ्यांचे प्रमाण २३.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरले. स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण ५२.१ वरून ५८.४ टक्क्यांवर चढले. त्यातही घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्यांचे प्रमाण १३.३ वरून १९.४ टक्के झाले. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांचे प्रमाण ४२.५ वरून ४६.१ टक्क्यांवर गेले. शेतीतून कारखान्याकडे जाणे हा जगभरच्या औद्योगिक विकासाचा मार्ग. आपल्याकडे मंदीने माणसे उलट्या दिशेला लोटली, आणि तेजीतही ती परतली नाहीत.

हे आकडे उपनगराच्या भाषेत मांडतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात काम करणाऱ्या कामगाराची नोकरी गेली, अशी कल्पना करा. भविष्यनिर्वाह निधी गेला, राज्य विमा योजनेचे कार्ड गेले. त्याने स्टेशनाबाहेर वडापावची गाडी लावली. पहाटे बायको बटाटे उकडते, संध्याकाळी मुलगा गाडीवर उभा राहतो. पाहणीच्या नोंदीत हा माणूस स्वयंरोजगारित झाला आणि बायको व मुलगा कुटुंबाच्या उद्योगातले मदतनीस ठरले. एक नोकरी गेली आणि तीन रोजगार निर्माण झाले! तिघे मिळून पूर्वीच्या एका पगाराइतके मिळवत असतील की नाही, आणि महापालिकेची गाडी येऊन माल उचलून नेईल तेव्हा त्या दिवसाच्या रोजगाराचे काय, हे प्रश्न बेरोजगारीच्या दरात मावत नाहीत.

मजुरीचे काय झाले? जानेवारी २०२५ मध्ये संसदेपुढे आलेली केंद्र सरकारची आर्थिक पाहणी वाचा. भाववाढ वजा करून काढलेले नियमित पगारदार पुरुषाचे मासिक वेतन २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होते, ते २०२३-२४ मध्ये ११,८५८ झाले. स्वयंरोजगार करणाऱ्या पुरुषाचे उत्पन्न ९,४५४ वरून ८,५९१ रुपयांवर आले. आणि त्याच ग्रंथात आहे की, २०२३-२४ मध्ये देशातील आघाडीच्या पाचशे कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर त्यांच्यातील रोजगार अवघा दीड टक्क्याने. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत हा नफा पंधरा वर्षांतील उच्चांकावर होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणताना गुंतवणूक वाढेल व रोजगार येईल असे सांगण्यात आले होते. करसवलत पोहोचली, नफा पोहोचला, रोजगार वाटेतच राहिला.

बाजारातही हीच फाळणी दिसते. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या होत्या. सहा वर्षांनंतर, २०२४-२५ मध्ये, १ कोटी ९६ लाख. त्याच काळात मोटारींची विक्री ३४ लाखांच्या घरातून ४३ लाखांवर गेली. एक पाय पुढे आणि एक मागे, अशी ही चाल आहे. जो वर्ग मोटार घेतो त्याची मंदी केव्हाच संपली. जो हप्त्याने दुचाकी घेतो तो वर्ग २०२४-२५ मध्ये सहा वर्षांपूर्वीच्या पायरीवरही चढलेला नव्हता.

महाराष्ट्राचे तीन आणे

आपल्या राज्याचा हिशेब तर डॉ. लोहियांच्या भाषणाची आठवण करून देतो. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये २,७८,६८१ रुपये होते. या सरासरीने चार माणसांच्या कुटुंबाच्या वाट्याला वर्षाला अकरा लाख रुपये यायला हवेत. आता दुसरा सरकारी कागद. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची अट अशी की, संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे. या अटीखाली दोन कोटींहून अधिक स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देण्यात आले. एका कुटुंबातून जास्तीत जास्त दोन स्त्रिया पात्र, म्हणजे एक कोटीहून अधिक कुटुंबे झाली. छाननीत लाखो नावे वगळली गेली हे लक्षात घेतले, तरी निष्कर्ष बदलत नाही. ज्या राज्यात एका माणसाचे सरासरी उत्पन्न पावणेतीन लाखांच्या वर आहे, त्याच राज्यात एक कोटीच्या आसपास कुटुंबांचे सगळे मिळून उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचे सरकारच गृहीत धरते. अकरा लाखांतले उरलेले कुठे गेले? दरडोई सरासरीत कंपन्यांचा नफा आणि जमिनीच्या मालकांचे उत्पन्नही मिसळलेले असते. तेच तर आपले म्हणणे आहे.

मुंबई उपनगर हा जिल्हा या मिसळीचा उत्तम नमुना आहे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एकेकाळी अभियांत्रिकी, रसायन आणि औषधांचे कारखाने होते. पाळी सुटली की रस्ता माणसांनी भरून जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर घाला पडला, तेव्हा त्यांतली कितीतरी कुटुंबे याच उपनगरांकडे सरकली. आणि ते दशक राष्ट्रीय लेख्यांत तेजीचे म्हणून नोंदले गेले आहे! नंतर उपनगरांतले कारखानेही एकामागून एक गेले. त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात यामुळे काही कमी झाले काय? मुळीच नाही. बांधकाम वाढले, दलाली वाढली, कर्जावरचे व्याज वाढले, घरांचे भाडे वाढले आणि घरमालक स्वतः राहतो त्या घराचे काल्पनिक भाडेही उत्पन्नात धरले गेले. कारखान्यातून निघालेला कामगार भाडे परवडेना म्हणून डोंबिवली-विरारकडे गेला, त्याचा प्रवासखर्च वाढला. तोही विकासात जमा झाला. हा विकास खोटा नव्हे, घडलेलाच आहे. पण तो ज्याच्या पाठीवरून गेला, त्याला त्यात जागा नाही.

मेट्रोचे उदाहरण विरोधक देतील. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ साली सुरू झाला, अंधेरी-दहिसर मार्ग जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. सार्वजनिक वाहतुकीवरील खर्चाचे आपण स्वागतच करतो. टाळेबंदीनंतर अर्थव्यवस्था उभी राहिली त्यात सरकारी भांडवली खर्चाचा वाटा मोठा आहे. आपला प्रश्न एवढाच की, ज्या सार्वजनिक पैशाने खांब उभे राहतात, त्याच पैशाने रोजगाराची हमी का उभी राहू नये?

आपली मागणी, आपले काम

२०२०-२१ या संकटाच्या वर्षी ग्रामीण रोजगार हमीखाली ३८९ कोटी मनुष्यदिवस काम दिले गेले. आदल्या वर्षी ते २६५ कोटी होते. ही हमी प्रथम दिली ती महाराष्ट्राने. वि. स. पागे यांची कल्पना १९७२ च्या दुष्काळात कसाला उतरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पण टाळेबंदीत उपनगरातल्या श्रमिकाला मागायला काम नव्हते. त्याला गावची वाट धरावी लागली. शहरी रोजगार हमीचे प्रयोग केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये केले. पागे यांच्या महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नाही. शहरी रोजगार हमीचा कायदा ही आपली पहिली मागणी. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याची प्रामाणिक अंमलबजावणी ही दुसरी. जून २०२० मध्ये फेरीवाल्याला दहा हजारांचे कर्ज मिळाले, पण उभे राहायला हक्काची जागा नसेल तर ते कर्ज फेडायचे कशातून? घरपोच माल पोहोचवणाऱ्या तरुणांना कामगार म्हणून मान्यता व विम्याचे संरक्षण, ही तिसरी. आणि आकडेवारीची स्वायत्तता ही चौथी. २०१७-१८ ची रोजगार पाहणी निवडणूक पार पडेपर्यंत अडवून ठेवण्यात आली आणि त्याच वर्षीची उपभोग खर्चाची पाहणी प्रसिद्धच झाली नाही, हे विसरता कामा नये. ज्या सरकारला स्वतःच्या आकड्यांची भीती वाटते, त्याच्या घोषणांवर जनतेने विश्वास का ठेवावा?

परंतु मागण्या मांडून आपले काम संपत नाही. १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरोधात हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आणल्या, तेव्हा त्या आंदोलनाचे बळ रेशनच्या रांगेत आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात होते. आपणही तेथेच गेले पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या वॉर्डातील किमान शंभर घरांत जाऊन चार प्रश्न विचारावेत. २०१९ मध्ये घरात नियमित पगार किती जणांना होता, आणि आज किती जणांना आहे? भाडे, औषध, शाळा आणि प्रवास यांवर तेव्हा किती खर्च होई, आज किती होतो? टाळेबंदीत काढलेले कर्ज किंवा गहाण ठेवलेले दागिने सुटले काय? शाळा सोडलेली मुले पुन्हा शाळेत गेली काय? नावे लिहू नका, उत्तरे लिहा. ज्यांची स्थिती सुधारली असेल, त्यांचीही उत्तरे तितक्याच प्रामाणिकपणे लिहा. आपल्या सोयीचे तेवढे टिपले तर आपल्यात आणि मथळे रंगवणाऱ्यांत फरक राहणार नाही.

अर्थव्यवस्था सावरली की नाही, याचा निवाडा करण्याची आपली कसोटी यातूनच तयार होईल. गेलेला पगार परत आला, मजुरी भाववाढीच्या पुढे गेली, कर्ज फिटले, मूल शाळेत परतले, तर ती सावरण्याची खूण. तोवर पुढच्या तिमाहीचा आकडा जाहीर होईल तेव्हा कोपरासभेत उठणाऱ्या त्या गृहस्थाला गप्प बसवू नका. त्याला आपली वही दाखवा, आणि त्याच्या घरची चार उत्तरेही त्याच वहीत लिहून घ्या.